भेगाळ खडकातला प्रवाह: सरासरी मॉडेल की एकेक भेग?

दगडफूल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

प्रबंधाच्या कामात एका जागी अडले आहे, म्हणून हा धागा.

ग्रॅनाइटचा एक भाग आहे, साधारण अर्धा किलोमीटर लांब-रुंद. एका टोकाला रसायनाची गळकी टाकी, दुसऱ्या टोकाला पिण्याच्या पाण्याची विहीर. मधल्या बोअरहोलमधल्या भेगांच्या नोंदी आहेत, पॅकर लावून (म्हणजे बोअरहोलचा एकेक टप्पा बंद करून) केलेल्या चाचण्या आहेत, एक मोठी पंपिंग चाचणीही झाली आहे. प्रश्न इतकाच: गळलेलं रसायन विहिरीपर्यंत कधी पोचेल आणि पोचेल तेव्हा किती तीव्र असेल?

मार्गदर्शकांचं म्हणणं, सगळा खडक वाळूसारखा सच्छिद्र माना, पार्यतेचा (खडकातून पाणी किती सहज जातं त्याचा) एक सरासरी आकडा द्या आणि नेहमीच्या ग्रिडवर डार्सीचा नियम (प्रवाह पाण्याच्या उताराच्या प्रमाणात) चालवा. तसं केलं. पंपिंग चाचणीतली पाण्याची पातळी मॉडेलमध्ये सुरेख जुळली. तरी या मॉडेलने सांगितलेल्या वेळेवर माझा विश्वास बसत नाही. मला वाटतं की भेगांचं जाळं प्रत्यक्ष मांडल्याशिवाय 'कधी' या प्रश्नाला उत्तर देऊच नये. पण हे नेमक्या कारणांनी मांडता येत नाहीये. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया लिहा. विरोधी मतंही हवीत.

चकमक

विषय आवडला. जागा पकडून ठेवतो, मेशबद्दल (गणितासाठी भेगांचे लहान तुकडे पाडण्याबद्दल) सविस्तर लिहायचं आहे.

औदुंबर

विरोधी मत मागितलंच आहे तर मी देतो. मार्गदर्शकांचं बरोबर आहे असं माझं मत.

भेगा पुरेशा दाट असतील, एकमेकींना पुरेशा छेदत असतील आणि तुम्ही बघताय तो भाग भेगांच्या लांबीच्या मानाने पुरेसा मोठा असेल, तर भेगांचं जाळं सच्छिद्र माध्यमासारखंच वागतं. १९८२ साली जेन लाँग आणि सहकाऱ्यांनी संगणकावर भेगांची जाळी तयार करून हेच तपासलं होतं. जाळं दाट होत गेलं आणि भेगांच्या दिशा विखुरलेल्या असल्या की वागणूक सच्छिद्र माध्यमाच्या जवळ जाते.

तेलक्षेत्रातले लोक तर १९६० पासून अशाच तऱ्हेने काम करत आलेत. बारेनब्लाट, झेल्तोव आणि कोचिना यांनी दुहेरी सच्छिद्रतेची कल्पना मांडली, १९६३ मध्ये वॉरन आणि रूट यांनी ती वापरण्याजोगी केली. एक माध्यम भेगांचं, एक खडकाच्या अंगाचं, दोन्ही एकाच जागी आणि मध्ये देवाणघेवाण. एकही भेग वेगळी काढावी लागत नाही. खाली काय आहे ते तुम्हाला चार बोअरहोलांतून दिसतं. त्यावरून हजारो भेगा संगणकावर उभ्या करायच्या आणि त्यांना वास्तव म्हणायचं, हे मला जास्त धाडसाचं वाटतं.

निळावंती

औदुंबर, प्रवाहापुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण दगडफूलचा प्रश्न प्रवाहाचा नाहीच, वहनाचा आहे. किती पाणी जातं आणि पाण्यातला कण कधी पोचतो, ही दोन वेगळी गणितं आहेत. आकडेच मांडते.

दोन समांतर सपाट भिंतींमधून जाणारं पाणी फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतं. रुंदी दुप्पट झाली की प्रवाह आठपट, दहापट झाली की हजारपट. म्हणजे १ मिलिमीटरची एकच भेग आणि ०.१ मिलिमीटरच्या १००० भेगा, दोन्हींतून पाणी सारखंच जातं. पंपिंग चाचणीला या दोघांतला फरक जवळपास दिसत नाही. आता पोकळी बघा. पहिल्या बाजूला एकूण १ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला १००. तेवढंच पाणी शंभरपट कमी जागेतून जायचं तर वेग शंभरपट हवा. चाचणी तीच, जुळणी तीच, आणि पोचण्याच्या वेळेत शंभरपटीचा फरक! दगडफूल, तुम्हाला हवं असलेलं कारण हेच आहे.

अजून एक. दर मीटरला ०.१ मिलिमीटरची एक भेग धरली, तर खडकाची एकंदर पार्यता दिवसाला सुमारे ७ सेंटिमीटर येते. बारीक गाळमिश्रित वाळूची एवढी असू शकते. पाण्याच्या पातळीचा उतार शंभरात एक घ्या. वाळूत पोकळी ३० टक्के, म्हणून पाणी वर्षाला मीटरभरही सरकत नाही. ५०० मीटरला सुमारे ५८० वर्षं लागतील. भेगाळ खडकात पोकळी फक्त दहा हजारात एक. तिथे तेच पाणी दिवसाला ७ मीटर जाईल, म्हणजे ५०० मीटरला अडीच महिनेही नकोत. दोन्हीकडे एकूण प्रवाह मात्र तोच.

सोनसळी

५८० वर्षं आणि अडीच महिने!! या विषयातलं मला काही कळत नाही, पण हे वाचून टाकीजवळ राहणाऱ्यांची काळजी वाटली. वाचतेय.

शून्यप्रहर

निळावंतीचे आकडे करून बघितले, बरोबर आहेत. पण सपाट भिंती हे गृहीतक तिथल्या तिथे तपासायला हवं.

खऱ्या भेगेच्या भिंती खडबडीत असतात. चुरगळून उलगडलेले दोन कागद एकमेकांवर ठेवले तर काही ठिकाणी ते टेकतात आणि काही ठिकाणी पोकळी राहते, तसं. खडकावरचा दाब टेकलेल्या जागा पेलतात, पाणी उरलेल्या वाटांनी जातं. म्हणून एकाच भेगेची रुंदी तीन तऱ्हांनी मोजली तर तीन आकडे येतात. प्रत्यक्ष मोजलेली रुंदी, प्रवाहावरून काढलेली रुंदी आणि ट्रेसर (पाण्यात सोडलेला, ओळखता येणारा पदार्थ) किती वेळाने आला त्यावरून काढलेली रुंदी. प्रवाहावरून काढलेली बहुधा सर्वांत लहान निघते, कारण अरुंद जागाच पाण्याला अडवतात. हीच रुंदी घेऊन वेग काढला तर कण खऱ्यापेक्षा लवकर पोचतो असं दिसेल. १९८० मध्ये विदरस्पून आणि सहकाऱ्यांनी दाबाखाली मिटत जाणाऱ्या भेगांवर घनाचा नियम तपासला. नियम टिकला, पण खडबडीतपणासाठी एक गुणक लावावा लागला.

आणि पाणी भेगेच्या सगळ्या पृष्ठभागावरून जातच नाही. स्वीडनमधली स्ट्रिपा ही जुनी लोहखाण. तिथे १९८० ते १९९२ या काळात आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालला. एका बोगद्याच्या छताला शेकडो प्लास्टिकचे तुकडे लावून कुठून किती पाणी गळतं ते वेगवेगळं गोळा केलं. बरेचसे तुकडे कोरडे राहिले आणि मोजक्या तुकड्यांवर बहुतेक पाणी आलं. खडक सगळीकडे भेगाळ होता, पण पाण्याच्या वाटा ठरलेल्या होत्या. हे निरीक्षण मला कुठल्याही समीकरणापेक्षा मोलाचं वाटतं.

औदुंबर

@निळावंती, गणित मान्य, निष्कर्ष नाही. तुमच्या उदाहरणात चूक माध्यमाची नाही, सच्छिद्रतेच्या, म्हणजे पोकळीच्या, आकड्याची आहे. सरासरी मॉडेलच ठेवा, फक्त सच्छिद्रता ३० टक्क्यांऐवजी दहा हजारात एक द्या. अडीच महिने हे उत्तर त्याच ग्रिडवर मिळेल. त्यासाठी हजारो भेगा कशाला?

निळावंती

मिळेल, पण तो आकडा आणणार कुठून? पंपिंग चाचणी तो देत नाही. बोअरहोलमधल्या सगळ्या भेगा मोजून काढला तर त्यांत मिटलेल्या, खनिजांनी भरलेल्या आणि कुठेच न जोडलेल्या भेगाही येतात.

शिवाय सरासरी मॉडेल रसायनाची एकच आघाडी दाखवतं, तिच्याभोवती थोडा पसरटपणा. खऱ्या जाळ्यात काही कण दोन-तीन रुंद भेगांमधून सुसाट निघून जातात आणि बाकीचे मागे रेंगाळतात. विहिरीत पहिला अंश कधी येतो हा प्रश्न असेल तर सरासरीचा उपयोग नाही, कारण पहिला अंश सरासरी वाटेने येतच नाही.

रानवारा

कॅनडातल्या वॉकरटनचं उदाहरण इथे यायलाच हवं. मे २००० मध्ये जोरदार पावसानंतर गुरांच्या शेणातले ई. कोलाय जीवाणू गावाच्या पाण्याच्या विहिरीत शिरले. सुमारे ५००० वस्तीच्या गावात ७ माणसं गेली, २३०० च्या आसपास आजारी पडली. क्लोरीन आणि देखरेख यांतली हलगर्जी हे मोठं कारण होतंच, चौकशीत ते स्पष्ट झालं. पण आपल्या विषयाचा भाग वेगळा आहे. नंतर तिथल्या खडकाचं सच्छिद्र माध्यम मानून मॉडेल केलं, सच्छिद्रता काही टक्के धरली. त्यानुसार ३० दिवसांत विहिरीला मिळणारं पाणी काहीशे मीटरच्या आतून येत होतं. मग प्रत्यक्ष ट्रेसर सोडले. वेग निघाला दिवसाला शेकडो मीटर.

मॉडेल केवळ नकाशा रंगवायला असतं तर चाललं असतं. इथे त्यावरून संरक्षित क्षेत्राची हद्द ठरते.

औदुंबर

रानवारा, उदाहरण महत्त्वाचं आहे, पण तो खडक कार्बोनेटचा. तिथे पाणी भेगा विरघळवून रुंद करतं. ग्रॅनाइटमध्ये तसं होत नाही, म्हणून ते वेग जसेच्या तसे इकडे आणू नयेत.

रानवारा

सहमत, वेग आणू नयेत. पंपिंग चाचणी जुळली म्हणून वेळही जुळेल असं समजू नये, एवढीच गोष्ट आणावी.

पाणकळा

सगळे भेगांबद्दल बोलताय, भेगांच्या मधल्या खडकाबद्दल कुणीच नाही. पोचण्याची वेळ बरेचदा तोच ठरवतो.

ग्रॅनाइटच्या अंगातही सूक्ष्म छिद्रं असतात, बहुधा एक टक्क्याहून कमी. त्यांतलं पाणी जवळपास स्थिर असतं. भेगेतून जाणारं रसायन विसरणाने (जास्त तीव्रतेकडून कमी तीव्रतेकडे आपोआप पसरत) त्या पाण्यात शिरतं आणि भेगेतली तीव्रता उतरली की हळूहळू परत बाहेर येतं. निळावंतीचाच खडक घ्या. भेगांची पोकळी दहा हजारात एक. अंगाची सच्छिद्रता ०.५ टक्के धरली तर खडकाच्या अंगात भेगांपेक्षा पन्नासपट पाणी आहे. रसायनाला त्या सगळ्या पाण्यापर्यंत पोचायला वेळ मिळाला, तर आघाडी सुमारे पन्नासपट मंद होईल. पण दोन भेगांमधल्या अर्ध्या मीटरपर्यंत शिरायला अनेक दशकं लागतात. म्हणून अडीच महिन्यांच्या प्रवासात खडक फार काही रोखू शकत नाही, आणि हजारो वर्षांच्या प्रवासात तोच मुख्य अडथळा ठरतो. अणुकचऱ्याच्या खोल साठवणीच्या हिशेबात यावर एवढा भर असतो तो याचमुळे. १९८० मध्ये इवार्स नेरेत्निएक्स यांनी हे ठळकपणे मांडलं. त्यात रसायन खडकाला चिकटणारं असेल तर आणखी फरक पडतो. सीझियम खूप मागे पडतं, आयोडाइड जवळपास पाण्याबरोबर निघून जातं.

दगडफूल, तुमचं रसायन कुठल्या जातीचं आहे ते आधी बघा. मॉडेलचा प्रकार त्यानंतर.

शून्यप्रहर

पाणकळा, एक जपून घ्यायची गोष्ट. ट्रेसर चाचणीत तीव्रता उतरताना लांब शेपटी दिसली की लोक लगेच विसरण म्हणतात. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये मिरर लेक इथे बेकर आणि शपिरो यांनी वेगवेगळ्या विसरणगुणांकाचे ट्रेसर एकत्र सोडले. शेपटी विसरणामुळे असती तर ती प्रत्येकाची वेगळी दिसायला हवी होती. जोराने पाणी उपसत केलेल्या त्या चाचण्यांत शेपट्या एकसारख्या आल्या. म्हणजे तिथे ती वेगवेगळ्या गतीच्या वाटांमुळे तयार झाली होती. २००० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. फरक साधा नाही. शेपटी विसरणाची समजून तीच गती हजार वर्षांपर्यंत ताणली तर खडकाला नसलेली रोखण्याची ताकद बहाल होते.

पाणकळा

हो, म्हणून किमान दोन ट्रेसर एकत्र सोडावेत, विसरणगुणांक जितके दूरचे तितकं बरं. एका ट्रेसरवरून हे ठरत नाही.

मुक्तछंद

थोडं अवांतर. भेगांमधून पाणी खेळवून जमिनीतली उष्णता वर काढतात, त्यातही हेच गणित लागतं का?

चकमक

लागतं, आणि तिथे आणखी दोन गोष्टी जोडाव्या लागतात, तापमान आणि खडकाची हालचाल. पाणी मोजक्याच भेगांतून फिरलं तर त्या लवकर थंड होतात आणि बाकीचा गरम खडक तसाच पडून राहतो. शिवाय दाबाने पाणी सोडलं की भेग थोडी उघडते, घनाच्या नियमाने प्रवाह एकदम वाढतो, आणि भेग सरकलीच तर भूकंप. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला डिसेंबर २००६ मध्ये असा ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि पुढे तो प्रकल्प बंद झाला. यावर स्वतंत्र धागा काढा, मी येईन.

आता पकडून ठेवलेल्या जागेवर.

भेगांच्या जाळ्यात प्रत्येक भेग हा त्रिमितीत ठेवलेला एक चपटा बहुभुज असतो. दिशा, आकार आणि जागा संभाव्यतेच्या वितरणातून येतात. लांबी सहसा घातनियमाने घेतात, म्हणजे लहान भेगा अमाप आणि मोठ्या मोजक्याच. या बहुभुजांवर त्रिकोणांचं मेश करायचं आणि दोन भेगा जिथे छेदतात तिथे दोन्हींचं मेश जुळवायचं. संगणक इथे घाम काढतो. दोन छेदरेषा अगदी जवळ आल्या किंवा फार लहान कोनात भेटल्या की त्यांच्या मध्ये सुईसारखे त्रिकोण होतात आणि उत्तर बिघडतं. लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या डीएफएनवर्क्स या संगणकप्रणालीत यावर उपाय असा: किमान लांबी आधीच ठरवतात, आणि नवी भेग घातल्यावर त्याहून लहान काही तयार होत असेल तर ती भेग नाकारतात किंवा बदलतात. कल्पना साधी, पण त्यामुळे हजारो भेगांचं मेश शक्य झालं.

मेशच नको असेल तर भेगा नियमित ग्रिडमध्ये रुतवून ठेवायची पद्धत आहे, किंवा सगळं जाळं बिंदू आणि रेषांचा आलेख म्हणून सोडवता येतं. आलेखात बारकावे जातात, पण तो इतका जलद चालतो की शेकडो जाळी सोडवता येतात. आणि शेकडो लागतातच. एक जाळं म्हणजे एक शक्यता. दगडफूल, तुमचं उत्तर एका तारखेचं नसेल. अमुक टक्के जाळ्यांमध्ये रसायन इतक्या काळात पोचलं, असं असेल.

कोड कुठलाही घ्या, आधी एका भेगेवर तपासा. टँग, फ्रिंड आणि सडिकी यांनी १९८१ मध्ये एक भेग आणि तिच्या दोन्ही बाजूंना विसरण यांचं हातांनी सोडवता येणारं उत्तर दिलंय. ते जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सोनसळी

भेगा मोजता मोजता रात्र सरावी पण भेगा सरू नयेत असं काम दिसतंय. तुम्हा सगळ्यांना सलाम.

औदुंबर

चकमक यांनी छान लिहिलंय. माझा आक्षेप मात्र शिल्लक आहे. घातनियमाचा घातांक उघड्या खडकावरच्या रेघा मोजून येतो, रुंदी आणि लांबीचा संबंध गृहीत धरावा लागतो, आणि बोअरहोलमधल्या बहुतेक भेगांतून पाणी जातच नाही. चुकीच्या माहितीवर हजार जाळी काढली म्हणून शंका कमी होत नाही.

निळावंती

यावर उपाय मोजणीतच आहे. स्वीडनमध्ये फोर्समार्कला अणुकचऱ्याच्या साठवणीसाठी खडक तपासताना बोअरहोलमध्ये प्रत्येक छोट्या टप्प्याचा प्रवाह वेगळा मोजला. नुसत्या दिसणाऱ्या भेगा एकीकडे आणि पाणी देणाऱ्या भेगा एकीकडे. ४०० मीटरखाली पाणी देणाऱ्या दोन भेगांमधलं सरासरी अंतर १०० मीटरहून जास्त निघालं. म्हणजे तिथल्या भेगांच्या नोंदी पाण्याबद्दल फारच थोडं सांगत होत्या. जाळं मग या प्रवाहनोंदींशी जुळवून घेतात. आणि औदुंबर, इतक्या विरळ जाळ्याला सच्छिद्र माध्यम कसं मानायचं, हा प्रश्न तुमच्याच १९८२ च्या संदर्भातून उठतो ना?

औदुंबर

तेवढ्या विरळ खडकात नाही मानता येणार. टाकी आणि विहिरीमधला खडक तेवढा विरळ आहे का, ते दगडफूलच सांगू शकतील.

दगडफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. १ मिलिमीटरची एक आणि ०.१ च्या हजार हे उदाहरण घेऊन मार्गदर्शकांकडे जाणार आहे.

पॅकर चाचण्या परत बघितल्या. बहुतेक टप्पे कोरडे, पाणी देणारे टप्पे थोडे, आणि त्यांतही दोनच फार मोठे. ते दोन टप्पे शेजारच्या बोअरहोलांत जवळपास त्याच खोलीवर आहेत. रसायन खडकाला फारसं चिकटणारं नाही. तर असं केलं तर चालेल का: त्या दोन मोठ्या भेगा जिथे दिसल्या तिथेच ठेवायच्या, टाकी आणि विहिरीच्या मधल्या पट्ट्यात बाकीच्या पाणी देणाऱ्या भेगांचं जाळं, आणि बाहेरचा सगळा खडक सरासरी माध्यम?

औदुंबर

या मांडणीला माझा पाठिंबा. बाहेरच्या भागाची पार्यता एका आकड्यात देऊ नका, दिशेनुसार वेगवेगळी द्या. ओडा यांच्या पद्धतीने भेगांच्या दिशांवरूनच ती काढता येते.

पाणकळा

चालेल. मधल्या पट्ट्यात ट्रेसर चाचणीची परवानगी मिळते का बघा. आणि उपसा कमी ठेवा, नाहीतर मिरर लेकचाच प्रश्न पुढे येईल.

शून्यप्रहर

दगडफूल, एक राहिलं. बोअरहोल उभे आहेत की तिरके?

दगडफूल

सगळे उभे.

शून्यप्रहर

मग जाळं उभारण्याआधी थांबा. उभ्या बोअरहोलला उभ्या भेगा क्वचितच सापडतात, आडव्या मात्र सगळ्या. तुमच्या त्या दोन मोठ्या भेगा आडव्या निघाल्या यात खडकाचा भाग किती आणि बोअरहोलच्या दिशेचा किती, ते आत्ता वेगळं काढता येणार नाही. रूथ टर्झागी यांनी १९६५ मध्ये दिलेली दुरुस्ती लावा. प्रत्येक भेगेला बोअरहोल आणि भेगेच्या प्रतलामधल्या कोनाच्या साइनने भागून वजन द्यायचं. पण १० अंशांना ते वजन जवळपास ५.८ होतं आणि ५ अंशांना ११.५, म्हणजे एखाद-दुसऱ्या नोंदीवर सगळा हिशेब टेकतो. सापडल्याच नाहीत त्या भेगांना तर वजनही देता येत नाही. टाकीकडून विहिरीच्या दिशेने जाणारा एक तिरका बोअरहोल मागून घ्या, आणि त्यात प्रत्येक टप्प्याचा प्रवाह मोजून घ्या. खर्चाचं काय ते मार्गदर्शकांशी बोला, पण संगणकावरच्या कुठल्याही कामाआधी हे मागा.

दगडफूल

उद्याच मागते. जवळच उघडा खडक दिसणारी एक जुनी खाण आहे, तिच्या भिंतीवरच्या उभ्या भेगा तोवर मोजायला घेते.